किंचित काळजी

मी काय काम करायचो हे सांगायला लागलो की समोरच्या माणसाचा चेहरा दोनपैकी एक होतो. एक, ‘म्हणजे तुम्ही गडगंज असणार’ असा. दुसरा, ‘म्हणजे तुम्ही लबाड असणार’ असा. इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळात हे दोन्ही चेहरे एकाच गृहस्थाच्या तोंडावर एक बटाटेवडा संपायच्या आत मी पाहिले आहेत. दोन्ही चूक. मी प्लंबर होतो. पाण्याच्या जागी आकडे वाहत, एवढाच फरक.

नोकरीची शेवटची सहा वर्षं मी लंडनच्या एका कंपनीत काढली. लोकांची क्रिप्टो-नाणी सांभाळायची, त्यांची देवघेव करून द्यायची, हा तिचा धंदा. त्याआधी चोवीस वर्षं बँकांच्या पैसे पाठवण्याच्या यंत्रणांत गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. निघताना त्यांनी एका कागदावर सही घेतली आहे, आणि नाव कळून वाचकाचा काही फायदाही नाही. तसल्या काचेच्या इमारती तिथे रांगेने उभ्या आहेत आणि आत सगळीकडे तीच झाडं कुंड्यांत आहेत.

माझ्या कामाचा सगळ्यात जोखमीचा भाग म्हणजे ‘फोर्क’. जेवायचा काटा नव्हे, रस्त्याला फुटतो तो फाटा. हे इंग्रज माणसाला समजावताना मला फळा लागायचा. मराठी माणसाला पंचांग पुरतं.

माझं आजोळ रत्नागिरीकडचं. तिथे एक पंचांग चालायचं, आमच्या पुण्याच्या घरी दुसरं. वर्षानुवर्षं दोन्हींतल्या तिथी जुळायच्या, कुणाला काही फरक जाणवायचा नाही. पण एखादं वर्ष असं यायचं, की अधिक महिना कुठे घालायचा यावर दोघांचे नियम वेगळे निघायचे. मग आजोळचा गणपती आमच्यापेक्षा महिनाभर आधी बसायचा. मागचा सगळा इतिहास एक, पुढे मात्र दोन श्रावण, दोन भाद्रपद. आम्हा पोरांना मोदक दोनदा मिळायचे, त्यामुळे आमचा या मतभेदाला पाठिंबा होता.

क्रिप्टोचं जाळं असंच चालतं. तिथे मुख्य कचेरी नाही, साहेब नाही. जगभरातल्या हजारो यंत्रांकडे एकाच वहीची एकेक प्रत असते. दर थोड्या वेळाने वहीला नवं पान जोडलं जातं, आणि प्रत्येक यंत्र नियम लावून ठरवतं, हे पान खरं की खोटं. कधीमधी नियम बदलावे लागतात. ‘अमुक पानापासून नवे नियम’ असं सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि आपापलं सॉफ्टवेअर वेळेत बदलायचं. काहींनी ते बदललं नाही, किंवा बदललं पण नियमाचा अर्थ वेगळा लावला, तर त्या पानाला निम्मे खरं म्हणतात, निम्मे खोटं. तिथून वह्या दोन. याला म्हणायचं जाळं फुटणं. दोन्ही बाजूंची खात्री असते, की मूळ आपणच, दुसरे फुटले. परदेशातल्या मराठी मंडळांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला याहून जास्त सांगायला नको.

बहुतेक वेळा थोड्या वेळात जग एका बाजूला वळतं आणि दुसरी बाजू ओस पडते. त्या ओस बाजूच्या वहीत तुम्ही काहीही लिहिलेलं असो, तो कागद रद्दी. म्हणून आमच्यासारख्यांचं काम एकच: नियम बदलायच्या वेळी आपण कुठल्या बाजूला आहोत ते डोळ्यात तेल घालून पाहायचं, आणि कळेपर्यंत दुकान बंद ठेवायचं.

दुकान बंद ठेवणं हे माझं आवडतं तंत्रज्ञान होतं. ते कुणालाच आवडत नसे.

ग्राहकांचं वेगळंच. आमचे एक ग्राहक होते डॉक्टर कीर्तने. स्टॅनमोरला राहतात, इथल्या इस्पितळांत भूल देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी थोडी क्रिप्टो-नाणी घेतली होती, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बागकामाला पाठ साथ देत नव्हती. मंडळाच्या ओळखीतून माझा नंबर त्यांना मिळाला होता. प्रत्येक फाट्याच्या दिवशी त्यांचा फोन ठरलेला.

“अहो माधवराव, आज माझ्या एका नाण्याची दोन होणार का?”

“झाली तरी दुसऱ्याला कुणी विचारणार नाही, डॉक्टर.”

“असं कसं? दोन पंचांगं म्हणजे दोनदा मोदक, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

“दुसरे मोदक फक्त दुसऱ्या घरी चालतात. आणि त्या घरातले लोक जेवायच्या आधीच उठून गेले तर?”

“मग नैवेद्य कुणाला दाखवायचा?” असं म्हणून ते मोठ्याने हसत आणि फोन ठेवत. असे ग्राहक परवडतात. न परवडणारे मला कंपनीतच भेटले.

आमचा सीईओ टायलर. वय पस्तिशीचं. जन्म इथला, पण चार वर्षं कॅलिफोर्नियात राहून आला होता आणि तिथून आवाज बदलून आणला होता. त्याचा आवडता शब्द ‘सीमलेस’, म्हणजे शिवण दिसत नाही असं. नियम बदलताना आमचं दुकान एक मिनिटही बंद राहू नये, याची त्याला जाहिरात करायची होती. मी त्याला एकदा म्हणालो होतो, की शिवण नसलेला कपडा म्हणजे पंचा. त्याला पंचा म्हणजे काय ते सांगण्यात विनोद वाया गेला.

एका उन्हाळ्यात असाच एक बदल होता. मार्केटिंगवाल्यांनी खालच्या मजल्यावर मोठा पडदा लावून उलटी गिनती सुरू केली. जाळ्याचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं. ग्रिनिच आमच्या खिडकीतून नदीपलीकडे दिसत होतं म्हटलं तरी चालेल, त्यामुळे ग्रिनिचची वेळ म्हणजे आपलीच वेळ, यात कुणाला शंका आली नाही. उन्हाळ्यात या देशाची घड्याळं ग्रिनिचच्या एक तास पुढे असतात, हे त्या खोलीतल्या एकाही इंग्रजाला आठवलं नाही. बाराचा ठोका झाला, टाळ्या वाजल्या, केक कापला, टायलरने भाषण केलं, “बघा, काही जाणवलं तरी का?”

काही जाणवण्यासारखं घडलंच नव्हतं. बदल व्हायला अजून तास होता.

माझ्या शेजारी केतकी उभी होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “काका, हे टाळ्या काऊन वाजवून राहिले? बारसं तर अजून व्हायचं आहे नं.”

“वाजवू दे,” मी म्हटलं. “केक चांगला आहे.”

एक वाजता खरा बदल झाला आणि सुरळीत पार पडला. तेव्हा खाली कुणीच नव्हतं. आम्ही दोघं यंत्रांसमोर बसून केक खात होतो. हा किस्सा पुढे मी किती घरांत सांगितला आणि किती हशे घेतले याला हिशोब नाही. पण टायलरच्या मनात त्या दिवशी एक गोष्ट पक्की बसली, की ही म्हातारी माणसं उगाच घाबरवतात आणि शेवटी काही होत नाही. मी तिथल्या तिथे ‘अहो, अजून तास आहे’ असं म्हणालो असतो तर कदाचित ती बसली नसती. मला केक आणि किस्सा जास्त महत्त्वाचे वाटले.

आता केतकीबद्दल. हे तिचं खरं नाव नाही. नागपूरची. वय अडतीस, कामात माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे. आमच्या सगळ्या यंत्रांची जबाबदारी तिच्याकडे होती, माझ्याकडे कुठला बदल कधी करायचा याचं वेळापत्रक. ती वर्क व्हिसावर होती. कंपनीने पुरस्कृत केलेला व्हिसा, म्हणजे नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर सामान बांधा. पाच वर्षं पुरी झाली की कायमचं राहता येतं. पुढे जे घडलं त्या वेळी तिची पाच वर्षं व्हायला चार महिने कमी होते. मुलगी ओवी इथल्या शाळेत दहावीच्या वर्गात होती. नवरा नव्हता, म्हणजे होता पण नागपुरात आणि कागदोपत्री वेगळा.

तीही मिल्टन कीन्सलाच राहायची. स्टेशनवरून मी तिला गाडीने घरी सोडायचो. ऑफिसात ती मला नुसतं ‘माधव’ म्हणायची, कारण तिथे सगळे तसंच म्हणतात. गाडीचं दार लागलं की ‘काका’ आणि ‘तुम्ही’. आमच्या गावात चौक नाहीत, फाटे तर नाहीतच, नुसती गोल वर्तुळं. एखादा रस्ता चुकला की परत एक गोल फिरायचं आणि बरोबर रस्त्याला लागायचं. केतकी एकदा म्हणाली होती, “आपल्या धंद्यात असं गोल फिरून यायची सोय पाहिजे होती.”

बोलायला ती सरळ. चुकीचं दिसलं की ‘हे चूक आहे’ म्हणायची, मीटिंगमध्ये, सगळ्यांदेखत. मी पुण्याचा, म्हणजे मूळचा मीही तसाच. पण मला इथे आल्यावर पहिल्याच वर्षी धडा मिळाला होता. बँकेतल्या एका मीटिंगमध्ये मी म्हणालो, ‘हा आराखडा चुकीचा आहे.’ खोली थंड पडली. नंतर माझा तेव्हाचा साहेब, जुना, सभ्य इंग्रज माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाला, “माधव, आपण इथे म्हणतो, मला किंचित काळजी वाटते.” मी विचारलं, आराखडा अगदीच खड्ड्यात नेणारा असेल तर? तो म्हणाला, “तर म्हणायचं, मला खरोखरच किंचित काळजी वाटते.”

मी ते घोकलं. आणि ते चाललं. त्या बँकेत ‘किंचित काळजी’ म्हटलं की सगळे पेनं खाली ठेवत. काम थांबायचं. पुढे पंचवीस वर्षं मी या एका वाक्यावर निभावली आणि ‘माधव किती समजूतदार’ अशी कीर्ती मिळवली. सरळ बोलणाऱ्या नव्या भारतीय पोरापोरींना मी हे शिकवायचो. मोठ्या अभिमानाने शिकवायचो.

ज्याच्यासाठी हे सगळं सांगतोय, तो मोठा बदल पुढच्या वसंतात होता. त्याआधी सरावासाठी एक खोटं जाळं असतं, त्यावर सगळ्यांनी रंगीत तालीम करायची. या तालमीत केतकीला एक गोष्ट सापडली. जाळ्यावरची यंत्रं मुख्यतः दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरवर चालत. जगातली बहुतेक एकावर, आमची सगळी दुसऱ्यावर, कारण एकच सांभाळणं स्वस्त पडतं. नव्या नियमाखाली एका जातीचा व्यवहार आमचं सॉफ्टवेअर खरा मानत होतं आणि जगाचं खोटा. व्यवहाराची जात दुर्मीळ होती. पण ज्या क्षणी असा एक व्यवहार वहीत येईल, त्या क्षणी आमची यंत्रं एका बाजूला आणि जग दुसऱ्या बाजूला. आजोळचा गणपती आणि आमचा गणपती. पण या वेळी आजोळी कुणी उरलेलं नसणार.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी दुरुस्ती देतो म्हटलं होतं. ती बदलाच्या दिवसापर्यंत येईल याची खात्री नव्हती. केतकीचा उपाय साधा होता. त्या दिवशी ग्राहकांची देवघेव बंद ठेवायची, आणि निम्म्या यंत्रांवर दुसरं सॉफ्टवेअर चढवून दोघांची पानं ताडून पाहायची. जुळली की दुकान उघडायचं.

तिने टायलरला मेल लिहायला घेतला. लॅपटॉप माझ्या टेबलावर आणला, की एकदा नजर टाका. चार वाक्यं होती. हा बदल असा पुढे नेऊ नका. आपली सगळी यंत्रं चुकीच्या बाजूला जाऊ शकतात. देवघेव एक दिवस बंद ठेवा. नाही ठेवली तर नुकसान होईल.

“हे असं नाही लिहीत, बाई,” मी म्हटलं.

“काऊन? चूक आहे का काही?”

“चूक नाही. उद्धट आहे. साहेबाला ‘नेऊ नका’ म्हणून सांगतेस? तो हट्टाला पेटेल.”

“पण मी हेच सांगून राहिले नं, की नेऊ नका.”

“सांगायचं तेच. सांगायची रीत असते. सरक.”

आणि मी तिच्या कीबोर्डवर हात ठेवला. तिची चारही वाक्यं निवडली, पुसली, आणि माझी लिहिली. ‘सॉफ्टवेअरच्या मिश्रणाबद्दल मला किंचित काळजी वाटते. शक्य असल्यास देवघेव काही काळ थांबवण्याचा विचार करता आला तर बरं होईल, असं सुचवावंसं वाटतं.’ मला ती वाक्यं सुंदर वाटली. पंचवीस वर्षांचा अर्क होता त्यांत.

“तुझ्याच नावाने जाऊ दे,” मी वर म्हणालो. “श्रेय तुला मिळायला पाहिजे.”

केतकीने ते दोनदा वाचलं. “काका, हे वाचून मलाच काही भीती वाटून नाही राहिली.”

“तुला नाही वाटणार. इंग्रजाला वाटते.”

तिने मेल पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं. एक अंगठा. वर केलेला, पिवळा. आमच्या आजीच्या काळी ज्यांना लिहिता येत नसे ते अंगठा उठवत. मी तो संमतीचा समजलो. मला वाटलं, वाचलं, पटलं, थांबवणार. टायलरला वाटलं, किंचित काळजी म्हणजे किंचित काळजी. त्याच्या कॅलिफोर्नियात शब्दाचा अर्थ तोच असतो, जो शब्दकोशात असतो.

आयुष्यभर मी इतरांची जुनी सॉफ्टवेअर वेळेत बदलून दिली. माझ्या तोंडात कुठली आवृत्ती चालू आहे, ते तपासायचं राहिलं.

चूक माझी होती.

बदलाच्या दिवशी दुपारी गच्चीवर समारंभ होता. या वेळी घड्याळ बरोबर लावलं होतं, ते मी स्वतः तपासलं होतं. वर दोनेकशे पाहुणे, एका घासात तीन मावतील असले समोसे, आणि फोन बाहेर टोपलीत ठेवायची सक्ती, कारण लोकांनी ‘त्या क्षणात हजर’ असावं असं टायलरला वाटत होतं. दुकान चालू होतं. ते चालू असल्याचं मला सकाळी कळलं, आणि केतकीला माझ्याकडून. दुरुस्ती आली नव्हती. टायलरला पुन्हा जाऊन विचारणं मला उद्धटपणाचं वाटलं. केतकीने मग स्वतःच्या लॅपटॉपवर जगाचं सॉफ्टवेअर चढवलं आणि आमच्या यंत्राशेजारी ठेवून पान न् पान ताडत बसली.

वर टाळ्या झाल्या. बदल लागू झाला. पंधरा-वीस मिनिटं पानं जुळत गेली. मग एक पान जुळलं नाही.

“फुटलं,” केतकी म्हणाली. एवढंच. तिचा आवाज अगदी साधा होता, कुणीतरी दूध उतू गेलं म्हणून सांगावं तसा. मग ती उभी राहून ओरडली, “काका, बंद करायला सांगा! आत्ताच्या आत्ता!”

देवघेव बंद करायला टायलरची मंजुरी लागायची. ती त्याच्या फोनवरून द्यायची, आणि फोन टोपलीत होता. मी जिने चढून गेलो. वयाच्या मानाने वेगात गेलो. टायलर माईकसमोर होता. मी बाजूला येऊन उभा राहिलो तशी त्याने मला एक बोट दाखवलं. एक मिनिट.

मी थांबलो.

हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. खाली केतकी एकटी ती दोन पानं पाहत होती, पावलापावलावर ती एकमेकांपासून लांब जात होती, आणि मी वर हात बांधून भाषण संपायची वाट पाहत होतो. या देशाने मला रांगेत उभं राहायला शिकवलं आणि मी ते मनापासून शिकलो. मिनिट एकच नव्हतं. ‘सीमलेस’ हा शब्द मी तीनदा ऐकला. शेवटी एका वेटरला बाजूला सारून मी टायलरचा दंड धरला.

तोवर व्हायचं ते झालं होतं. जाळ्यावर असे लोक टपलेलेच असतात. आमची यंत्रं ओस बाजूला गेली आहेत हे त्यांनी ओळखलं. त्या बाजूची, म्हणजे रद्दीची नाणी आमच्याकडे जमा केली, त्या बदल्यात दुसऱ्या जातीची खरी नाणी घेतली, आणि निघून गेले. जेवणाच्या सुट्टीला लागतो तेवढ्या वेळात. मला त्यांचा राग येत नाही. दुकान आम्ही उघडं ठेवलं होतं.

मग चौकशी. बाहेरची सल्लागार मंडळी आली, त्यांनी ‘मूळ कारण’ शोधायला सहा आठवडे घेतले. मूळ कारण त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी होतं: केतकीच्या नावाचा, केतकीच्या खात्यातून गेलेला मेल. त्यात किंचित काळजी. यंत्रांची जबाबदारी जिच्याकडे, तिलाच धोका एवढासा वाटत होता, तर वरच्यांनी काय करायचं?

माझ्या मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मी तिला घरी सोडत होतो. एका वर्तुळावर गाड्यांची रांग होती. ती म्हणाली, “काका, मी त्यांना सांगितलं की मी आधी वेगळं लिहिलं होतं. ते म्हणाले, दाखवा. काय दाखवू? पुसलं नं आपण.”

‘आपण’ म्हणाली ती.

“उद्या तुम्ही सांगा. तुमच्यावर विश्वास ठेवतील. मला फक्त चार महिने पाहिजेत हो. मग हाकलू द्या.”

“सांगतो,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एका सौम्य बाईंनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि विचारलं, “या मेलच्या शब्दरचनेवर आणखी कुणाचा प्रभाव होता का?”

मी म्हणालो, “सूर कसा असावा याबाबत आम्ही साधारणपणे एकमेकांना मदत करतो.”

त्यांनी ते लिहून घेतलं. पुढचा प्रश्न विचारला. मी पुढचं उत्तर दिलं. खोटं काही बोललो नाही. माझ्यापाशी इथला पासपोर्ट होता, घर फेडून झालं होतं, निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मला गमवायला काय होतं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. निरोपाचं जेवण होतं.

अहवालात एक वाक्य आलं: ‘धोका पुरेशा स्पष्टपणे कळवला गेला नाही.’ ते खरंच आहे. केतकीची नोकरी त्या वाक्याने गेली. साठ दिवसांत तिला व्हिसा देणारी दुसरी नोकरी मिळाली नाही, कारण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच यायचा, ‘आधीची का सोडली?’ टायलरला बढती मिळाली. आता तो आमच्या वरच्या मालक-कंपनीत ‘लवचीकते’चा प्रमुख आहे, आणि त्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही.

ती गेली त्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. तिने नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. ओवी मागच्या सीटवर होती. तिची परीक्षा वर्षावर आली होती. आईचे डोळे भरलेले पाहून ती म्हणाली, “आई, तू रडू नको ना. मी तिकडचा शाळा ऑनलाइन बघितला. चांगला आहे.”

शाळा चांगली, असं माझ्या मनात आलं. त्या क्षणीसुद्धा. दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करायची खोड जात नाही.

वर्षभराने मला निरोपाचं जेवण मिळालं. कार्डावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘माधव, जो कधीच आवाज चढवत नाही.’

त्या दिवाळीत मंडळाच्या फराळाला डॉक्टर कीर्तने भेटले. त्यांची नाणी सुखरूप होती, ते त्या दिवशी नातवाच्या क्रिकेटला गेले होते. हा सगळा प्रकार मी त्यांना सांगितला, मेलसकट. एरवी हसणाऱ्या माणसाने चकलीचा तुकडा परत ताटलीत ठेवला.

“आमच्याकडे चाकू लावण्याआधी सगळे थांबतात,” ते म्हणाले. “कुणाला काही बोलायचंय का, असं विचारतात. आणि बोलायचं ते एका दमात, सरळ. पेशंट किंचित निळा पडलाय, असं कुणी म्हणत नाही हो, माधवराव.”

घरी येऊन मी कंपनीच्या संचालकांना पत्र लिहिलं. चार वाक्यं. मूळ मेल केतकीने स्पष्ट लिहिला होता. तो मी पुसला. चौकशीत मी हे लपवलं. अहवाल दुरुस्त करा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: आपल्या पत्राबद्दल आभार, नोंद घेतली आहे. या देशात ‘नोंद घेतली’ याचा अर्थ काय, हे मला कुणी शिकवायला नको. त्या पत्राची आणि उत्तराची प्रत मी केतकीला पाठवली. पुढे नोकरी मागताना तिला दाखवता येईल म्हणून. तिने ‘मिळालं’ एवढंच कळवलं. ती आता नागपुरातूनच एका परदेशी कंपनीचं काम करते, तेच, यंत्रांचं. इथे परत येण्याचा विषय ती काढत नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी तिला पाठवला. नाव बदललं आहे, तरी हरकत असेल तर सांग, म्हटलं. आठवडाभर काही आलं नाही. मग फाइल परत आली, सोबत एक ओळ: ‘छापा. ओवीला मराठी वाचायची प्रॅक्टिस होईल.’

फाइलमध्ये तिने एकाच ठिकाणी हात लावला होता. वर, त्या अंगठ्याच्या पुढे, माझं वाक्य आधी असं होतं: ‘चूक थोडी माझीही होती.’ तिने त्यातला ‘थोडी’ खोडला होता. आणि मग, बहुधा दुसऱ्यांदा वाचताना, ‘माझीही’मधला ‘ही’.